अर्ध्या वॉर्डचं पाणी

मित्रांनो, माझ्या तोटीचा टवका उडालाय, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही तिकडेच बघत बसाल. मी एक जुना चिनीमातीचा पेला आहे. उठता न येणाऱ्या आजाऱ्याला पडल्यापडल्या पाणी पाजायला मला घडवलं. दिसायला मी किटलीचं पोर, पण कामाला पक्का.

माझी मालकीण सिस्टर मर्ल, ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातली नर्स. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या इस्पितळात ती जखमी सैनिकांना माझ्यातून पाणी पाजायची. शेवटची खाट पिऊन झाल्याशिवाय स्वतः घोटभरही घ्यायची नाही. दाराजवळच्या कोपऱ्यात डोळ्यांना पट्टी बांधलेला एक सैनिक होता. तिची पावलं ऐकली की तो हात पुढे करायचा.

एका सकाळी अर्ध्या वॉर्डचं पाणी पाजून झालं आणि हुकूम आला: नर्सनी ताबडतोब जहाजावर चढायचं, जखमी इथेच राहतील. मर्ल जाईना, तिला ओढून नेलं. मी तिच्या हातातच राहिलो. कोपऱ्यातला हात तसाच पुढे होता. मग शहर शत्रूच्या ताब्यात गेलं. त्या माणसांचं काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढे एका इंग्रज खलाशाशी लग्न करून ती साउथहॅम्प्टनला आली. मी खणात पडलो. तिनं मला टाकलंही नाही आणि वापरलंही नाही. माझ्याकडे बघणं तिला सोसत नसावं.

2006 च्या जुलैत उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. केअर होममध्ये राहणाऱ्या म्हाताऱ्या मर्लनं पाणी पिणंच सोडलं. तिथली केअरर सुप्रभा, मूळची नागपूरची. मर्लच्या सामानासोबत आलेल्या मला तिनं खणातून काढून भरलं, पण मर्लनं ओठ मिटून घेतले. सुप्रभाला वाटलं, म्हातारीला मी कुणाचा तरी उष्टा वाटतोय. मग काय, घासघासून माझी साल काढली बाईनं. उपयोग शून्य.

दुपारी डॉक्टर गिरीश आले. “सुप्रभाताई, संध्याकाळपर्यंत फ्लुइड्स गेले नाहीत तर ॲडमिट करावं लागेल. आणि या वयात त्या परत येतील असं मला वाटत नाही.”

“अहो डॉक्टर, तोंडच उघडत नाहीत. ‘आधी त्यांना’ एवढंच म्हणतात.” बोलताबोलता ती थबकली. “नर्स होत्या ना त्या! पंगत उठल्याशिवाय वाढणारी कशी बसेल? माझी आईसुद्धा नाही बसायची.”

तिनं मला काठोकाठ भरलं. लाउंजमधल्या प्रत्येकाच्या ग्लासात माझ्यातून थोडंथोडं ओतत गेली. म्हातारे मुकाट्यानं प्यायले. मर्ल एकटक बघत होती.

“दाराजवळचा राहिला,” ती म्हणाली.

दाराजवळची खुर्ची रिकामी होती.  सुप्रभा खुर्चीपुढे वाकली आणि तिनं मला तिरपं केलं, अगदी सावकाश, माणूस पीत असल्यासारखं. सगळं पाणी खुर्चीवर सांडलं. मर्लला हे पटलं नाही तर, अशी मला भीती वाटली, मित्रांनो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

“ऑल डन, सिस्टर. सगळे प्यायले. आता तुम्ही बसा.”

सुप्रभानं मला पुन्हा भरून पुढे केलं. मर्लनं ओठ उघडले. मी रिकामा होईपर्यंत ती प्यायली आणि मग रडली.

ओल्या खुर्चीबद्दल मॅनेजरनं सुप्रभाला चार शब्द सुनावले. तिनं ऐकून घेतले. मित्रांनो, तुमच्या घरात सगळ्यांना पाणी देणारं जे कुणी असेल, ते स्वतः प्यायलं का, एवढं विचारत जा.

कोपऱ्यातला तो हात मला अजून दिसतो. पण आता तो ओला दिसतो.