हाय की व्हती

रोह्याच्या मांडवात सगळ्यांचे डोळे समीक्षावर होते, आणि लग्न काही तिचं नव्हतं. नवरी होती ऋतुजा. समीक्षा होती धवलारीण, तीसुद्धा काल संध्याकाळपासूनची. त्यांच्या गावाकडे, गडबच्या बाजूला, भटजी उशिरा आला तरी चालून जातं, पण धवले गाऊन देवांना आवतण देणारी बाई नसेल तर लग्न लागलं असं कुणी मानत नाही. ती बाई म्हणजे हौसाबाय. आणि हौसाबायला काल धाप लागली म्हणून पेणच्या दवाखान्यात नेलं होतं.

गाडीत बसवताना हौसाबायने समीक्षाचा हात दाबला होता. "भिऊ नको गो. मालू हाय ना झेलाया."

मालूबाय ही हौसाबायची जाऊ. हौसाबायने ओळ टाकायची, मालूबायने झेलायची, म्हणजे मागून तीच म्हणायची, यात दोघींचा जन्म गेला. मालूबायला झेलता येत होतं, टाकता येत नव्हतं. म्हणून टाकायचं समीक्षावर आलं.

शाळेत असल्यापासून ही पोरगी त्या दोघींच्या मागे मांडवोमांडवी हिंडली होती. पुढे नागोठण्याला कंपनीत लागली, तेव्हा शिफ्टच्या बसमध्ये बाकीच्या पोरी कानात हेडफोन घालून डुलायच्या. हिच्या कानात हौसाबाय. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग, मागे कुत्रं भुंकतंय, कुणीतरी "वरण फिरवा रे" म्हणून ओरडतंय. ऐकून ऐकून तिला गोडगुळगुळीत आवाज नकोसेच झाले. गळा कसा, तांदळाच्या भाकरीसारखा कडेला करपलेला पाहिजे! कॉलेजात जाऊन 'नाही, आहे' शिकलेली ही मुलगी पुन्हा 'नाय, हाय'वर आली ती या दोघींमुळेच, आणि त्याची तिला लाज तर नव्हतीच, माज होता.

हौसाबायचे पुढचे दोन दात पडलेले. त्यामुळे तिचा 'स' शीळ घालत बाहेर यायचा. समीक्षाची बत्तिशी शाबूत, तरी गाताना तिचाही 'स' तश्शीच शीळ घाली. "अगो, येवढी नक्कल करतंस तर दात पन पाडून घे," मालूबाय तिला चिडवायची.

आज मालूबाय चिडवत नव्हती. सकाळपासून तिने तोंडच उघडलं नव्हतं.

दुपारचा मुहूर्त एकाएकी सकाळवर आला होता. नवरीचा भाऊ हर्षद बायकांचे मोबाईल पिशवीत गोळा करत फिरत होता. म्हणे, फोटोवाल्याच्या मधे मधे येतात. हौसाबायचा मुलगा आदेश तिच्यापाशी दवाखान्यात होता. समीक्षाने रोह्याला येताना गाडीतून त्याला फोन लावला होता, तो लागला नव्हता. तिने हर्षदला गाठलं.

"आदेशदादाचा फोन आला काय रे?"

"आला ना. बरी हाय ती. तू गान्याचा बघ." बोलताना तो पिशवीच्या नाडीकडे बघत होता. पाठोपाठ नवरीची आई अनिताकाकू आली आणि न मागता चहाचा कप तिच्या हातात देऊन निघून गेली. तिचे डोळे सुजले होते. लेकीच्या लग्नात आई रडणारच, असं समीक्षाने स्वतःला समजावलं. पण ते काही पटेना.

हौसाबाय ऋतुजाची चुलत आजी. तिचं काही बरंवाईट झालं तर सगळ्या भावकीला सुतक, आणि सुतकात लग्न लागत नाही. पण सुतकाची एक गंमत आहे, ते ऐकल्यावर लागतं. कानावर आलं नाही तोवर माणूस मोकळा. म्हणून मांडवात वाईट बातमी येऊन पोचली की शहाणी माणसं मुकी होतात.

आणि धवला तर गुरूचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. गुरू जिवंत असेल तर 'हाय' म्हणायचं, नसेल तर 'व्हती'. चुकीला माफी नाही. मेलेल्या माणसाला 'हाय' म्हटलं तर देवांना दिलेलं आवतण खोटं. जित्या माणसाला 'व्हती' म्हटलं तर... ते तिला मनातसुद्धा म्हणवेना. तिने मालूबायकडे पाहिलं. मालूबाय पाटावरच्या तांदळांकडे बघत बसली होती.

"सुरू करा गो!" कुणीतरी ओरडलं.

समीक्षाने डोळे मिटले आणि ओळ टाकली.

"गला कोनी गो देला, सूर कोनी गो देला,
गुरू हौसाबाय माझी हाय."

झेल आला नाही. मग आला, पण फाटका.

"गुरू हौसाबाय माझी..." मालूबाय तिथेच थांबली. शेवटचा शब्द तिने गिळला.

मागे बसलेल्या नवऱ्याकडच्या बायकांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, म्हातारीचा दम संपला. त्यांनी सगळ्यांनी मिळून खणखणीत आवाजात पुरं केलं, "हाय!"

मालूबायने आजवर कधी शब्द गिळला नव्हता. समीक्षाला कळलं. उठून पळत सुटावं, कुंडलिकेच्या काठावर जाऊन गळा काढावा असं तिला वाटलं. पण समोर मुंडावळ्यांच्या आडून ऋतुजा हसून तिच्याकडे बघत होती. एक हुंदका फुटला असता तर सगळा मांडव उठला असता. ओळ तीनदा म्हणायची असते. तिने दुसऱ्यांदा 'हाय' म्हटलं, तिसऱ्यांदाही म्हटलं, आणि दर वेळी मालूबायने तो शब्द सोडला आणि परक्या बायकांनी उचलला. देवांना काय वाटायचं ते वाटो. पुढचे सगळे देव, सगळे पितर तिने बोलावले. कसे बोलावले ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

अक्षता पडल्या. वाजंत्री वाजू लागली. मालूबायने तिचं मनगट धरलं आणि जेवणावळीच्या मागे, जिथे मोठी पातेली घासायला टाकली होती, तिथे नेलं.

"आता म्हन."

समीक्षाने मनगट सोडवून घेतलं. "नको गो मालूबाय. मना भ्याव वाटतंय."

"मना पन वाटतंय. म्हन."

"गुरू हौसाबाय माझी..." 'सा'वर तिच्या धडधाकट दातांतून बारीक शीळ निघाली. "...व्हती."

मालूबायने झेललं नाही. ती डोळे मिटून नुसती शीळ ऐकत राहिली. मग पदराने नाक पुसून म्हणाली,

"तिचा नाव परत घे गो. नुसता नाव."