रेडिओची तीन मिनिटं

पोरगी बोलताना अडखळायची, म्हणून आसपासच्या पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं रेडिओ. "काय गं रेडिओ, स्टेशन लागलं का?" असं विचारून कार्टी दात काढायची. तिनं हट्टानं तेच नाव स्वतःच्या वहीवर मोठ्या अक्षरांत घातलं आणि चिडवणाऱ्यांची हवाच काढून घेतली. डोकं होतं पोरीला.

दहा वर्षांची असताना तिची आई गेली आणि ती मावशीकडे आली. मावशी शिलाईकाम करायची. नवे कपडे कमीच. लोकांची पोटं सुटतील तशा त्यांच्या पँटी सैल करण्यातच तिचं आयुष्य चाललं होतं. तोंडानं फटकळ, पण गिऱ्हाईक समोर आलं की मेणाहून मऊ. "उद्या देता?" "चालेल." "आजच द्या ना!" "चालेल." मनात शिव्यांची लाखोली, ओठांवर चालेल. तीस वर्षं ते दुकान याच एका शब्दावर उभं होतं.

आल्यानंतर पहिल्याच महिन्यात पोरीनं मावशीला वचनात बांधलं. कागदावर लिहूनच दिलं, 'माझं वाक्य तू पुरं करायचं नाहीस. कितीही वेळ लागू दे.' मावशीनं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली आणि सात वर्षं पाळली, तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. एकदा पोरगी दारात उभी राहून "इ... इ..." करत होती. मावशीच्या नाकात जळका वास शिरला, तरी बाई जागची हलली नाही. "इस्त्री!" हा शब्द पुरा बाहेर पडेपर्यंत एका वकिलाच्या पँटला गुडघ्यावर खिडकी पडली होती. मावशीनं नवी पँट शिवून दिली, वकिलाची बोलणी खाल्ली, पण पोरीला चकार शब्दानं बोलली नाही.

मशीनची गोष्ट अशीच अचानक कळली. मावशी पायडल मारत होती, पोरगी शेजारी बसून बटणं लावता लावता काहीतरी म्हणत होती, आणि मावशीच्या लक्षात आलं, अगं बाई, ही अडखळत नाहीये! पायाखाली ठेका असला की तिचे शब्द मोकळे सुटायचे. मग काय, पोरगी कविताच करायला लागली. मशीनच्या तालावर म्हणायची, नंतर नुसती टाच जमिनीवर आपटून म्हणायची. पुढे कवितेचा ताल तिच्या अंगातच भिनला, कवितेत ती कधी अडली नाही. साधं "पाणी दे" म्हणायला मात्र घाम फुटायचा.

आता खोलीचं सांगते. वाचनालयाच्या मागे एक खोली होती, संध्याकाळी सहा ते नऊ उघडी. दिवसभर टायरच्या दुकानात, बेकरीत, नाहीतर दुसऱ्यांची लेकरं सांभाळत राबणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं तिथं बसून परीक्षेचा अभ्यास करायची. रेडिओ त्यातलीच, सकाळी सातपासून छापखान्यात कागदांना घड्या घालायची आणि सहाला खोलीत. घरी अभ्यासाला जागा कुणाकडेच नव्हती. त्या खोलीत नगरपालिकेच्या समितीला आता जुन्या फायली ठेवायच्या होत्या. हरकत असेल त्यानं सभेत येऊन बोलावं. वेळ तीन मिनिटं. अठराच्या आतला असेल तर शेजारी पालक हवा.

"रेडिओ बोलेल," टायरवाला पोरगा म्हणाला. "मी बोललो तर मारामारी होईल. तिची कविता ऐकली तर दगडालाही पाझर फुटेल."

पोरगी दोन दिवस जेवली नाही. मग कविता लिहून आणली. पंधरा दिवस मशीनवर तालीम झाली. दोन मिनिटं चाळीस सेकंद, घड्याळ लावून. एकदा तिनं मध्येच थांबून विचारलं, "आणि त्यांनी प्र... प्र... प्रश्न विचारले तर?"

"प्रश्न कशाला विचारतील?" मावशी दातांनी धागा तोडत म्हणाली. "कवितेला कुणी प्रश्न विचारतं होय? रडतील मेले, बघ तू."

सभेचं दालन ऐसपैस होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. मधोमध अध्यक्ष, आजूबाजूला चार सभासद, कोपऱ्यात घंटी आणि नोंदवही घेऊन कारकून. मागच्या रांगेत बारा पोरं धुतलेले कपडे घालून बसलेली. मावशी आणि रेडिओ टेबलावरच्या माईकसमोर, एकमेकींना चिकटून. पोरीनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

*सहा वाजेपर्यंत आम्ही नुसते हात,*
*सहा वाजल्यावर माणसं;*
*एका खोलीत, एका दिव्याखाली*
*उघडतो आपापली पानं.*
*बारा खुर्च्या, तेरावी मोडकी,*
*तिच्यावरही कुणी बसतं;*
*दिवा काढून नेऊ नका हो,*
*अंधारात काय दिसतं?*

पुढेही बरीच होती. एकही अक्षर अडलं नाही. काय म्हणाली पोरगी ती! एका सभासदबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. शेवटची ओळ संपली तेव्हा खुद्द अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मावशीचा ऊर भरून आला. जिंकलो, तिला वाटलं. तिच्या बहिणीची लेक, जिला शाळेत हजेरीला "हजर" म्हणता येत नव्हतं, तिनं अख्खी सभा हलवली.

"वा, फार सुंदर," अध्यक्ष म्हणाले. माणूस वाईट नव्हता, सांगून ठेवते. "एकच विचारतो बाळ, म्हणजे मार्ग काढता येईल. शाळेतला एक वर्ग आठवड्यातून दोन दिवस सकाळी रिकामा असतो. तो दिला तर चालेल?"

सकाळी तर सगळी कामावर असतात. एवढंच सांगायचं होतं. पाच शब्द.

"स..." पोरगी म्हणाली. "स... स..."

तिची टाच जमिनीवर आपटायला लागली, ठेका शोधायला. पण खाली गालिचा. आवाजच येईना. मानेची शीर तटतटून फुगली. चष्म्याच्या बाईंनी कीव येऊन मान खाली घातली. कुणीतरी खोकलं. कारकुनानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "स... स..." मावशीला ते बघवेना. सात वर्षं तिनं वाट बघितली होती, पण घरात. चार परक्यांसमोर नव्हे. कुणी आता हसेल, आता हसेल, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. आणि तोंडातून निघून गेलं.

"चालेल, साहेब. तेवढं मिळालं तरी पुष्कळ झालं."

पोरीनं मान वळवून मावशीकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"उत्तम!" अध्यक्ष म्हणाले. कारकुनानं लिहून घेतलं, पालकांना पर्याय मान्य.

"स... सका..." पोरगी अजून झगडत होती, आणि घंटी वाजली.

"साहेब, चुकलं माझं! सकाळी ही पोरं—"

"बाई, वेळ संपली. लेखी द्या. पुढचा विषय, गटारं."

मागे बारा जण उठून उभे राहिले होते. टायरवाला बाहेर निघून गेला. मारामारीसुद्धा केली नाही त्यानं.

लेखी दिलं. दोनदा दिलं. महिन्यानं उत्तर आलं की निर्णय संमतीनं झालेला आहे, तो बदलता येत नाही. खोलीत फायली आल्या. मोडकी खुर्ची भंगारात गेली, उरलेल्या बारा शाळेच्या त्या वर्गात, जिथं दोन सकाळी कुणीच येत नाही. बेकरीतल्या मुलीनं परीक्षेचा अर्ज भरलाच नाही. हळूहळू बाकीच्यांनीही नाद सोडला.

मावशीला एक गोष्ट रोज छळते. समोर लाकडी टेबल होतं. दोन बोटांनी त्यावर ठेका धरला असता, टक टक, टक टक, तर पोरगी बोलली असती. एवढं साधं. पण ऐन वेळी बोटं आठवली नाहीत, जीभच आठवली. "शिव्या दे मला," ती पोरीला म्हणाली, पाया पडायचीच काय ती बाकी राहिली. पोरगी नुसती मान हलवायची. मावशी मुद्दाम तासन् तास रिकामी मशीन चालवायची. पोरगी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

परवा दोघी किराणा आणायला गेल्या. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ?"

"मी... मी..." पोरगी म्हणाली. आणि थांबली. झगडली नाही, टाच आपटली नाही. मान वळवून मावशीकडे बघत शांत उभी राहिली, पुरं कर म्हणून.

मावशी ओठ घट्ट मिटून थांबली. मागे रांग वाढली. तिनं फळीवर बोटांनी हळूच ठेका धरला, टक टक, टक टक. पोरीनं तिच्या हातावर हात ठेवून बोटं थांबवली.

"मीठ," शेवटी मावशी म्हणाली. "एक किलो."

पोरीनं पिशवी पुढे केली.