तीस की तीनशे

लाइट पुन्हा गेली. लॅपटॉप बॅटरीवर तग धरून होता, पण वायफाय गेल्यामुळे मीटिंगमधली माणसं अर्धवट उघड्या तोंडांनी पडद्यावर थिजली. सुनेत्रानं कानातले हेडफोन काढले आणि ती जिना उतरायला लागली. आता तिला चिडायचाही कंटाळा आला होता. खाली यायचं, मीटरच्या कपाटाचं दार उघडायचं, पडलेला खटका वर ढकलायचा, पुन्हा वर जायचं आणि सगळ्यांना सॉरी म्हणायचं. महिनाभर हाच नेम चालू होता.

उइटहॉर्न या डच गावातलं हे घर घेतलं तेव्हा एजंट म्हणाला होता, घराला व्यक्तिमत्त्व आहे. घर जुनं आणि ओलसर असलं की एजंट लोकांना त्यात व्यक्तिमत्त्व दिसायला लागतं. भिंतीत जुन्या वायरी होत्या आणि सगळ्या घराला मिळून एकच आर्डलेक होता. कुठे करंट गळायला लागला की आपणहून पडणारा, सगळं घर बंद करणारा तो खटका. तो बिचारा इमानेइतबारे पडत होता आणि घरातले सगळे त्याच्या नावानं खडे फोडत होते.

दिलीपनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, प्रकरण हातात घेतलं होतं. पुण्यातल्या पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा त्याच्याकडे होता. त्यानंतर सगळा जन्म सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेला असला, तरी घरात वायर दिसली की त्याचा डिप्लोमा जागा होई. आधी त्यानं मिक्सर बंद ठेवायला लावला. मग वॉशिंग मशीन. मग हवेतली ओल शोषणारं यंत्र. खटका पडायचा तो पडतच राहिला. इलेक्ट्रिशियनला फोन केला तर सहा आठवडे तारीख नव्हती. शेवटी दिलीपनं एक्सेल शीट उघडली आणि बाजारातले सगळे आर्डलेक त्यात ओळीनं मांडले. कोणता कशासाठी, कोणता सोलरला चालेल, कोणता उद्या गाडीचा चार्जर घेतला तर लागेल. लग्नाला स्थळं पाहतात तशी त्याची चिकित्सा चालली होती.

निष्कर्ष असा निघाला की घरातला आर्डलेक तीस मिलिअँपच्या गळतीलाच पडणारा, फार नाजूक मनाचा, आणि जुन्या घराला थोडी गळती असायचीच. म्हणून तीनशेचा बसवू या.

जवळच्या बाडहूव्हडॉर्पला राहणारा हरिहर दिलीपचा पुण्यातला वर्गमित्र. त्यानं इलेक्ट्रिकलचं काम कधी सोडलं नव्हतं. फोनवर हे ऐकून त्यानं दिलीपला आकडा पुन्हा म्हणायला लावला. मग म्हणाला, तीसचा माणसासाठी असतो आणि तीनशेचा घर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून करंट गेला तर तीनशेचा स्वस्थ बसून बघत राहील. तुमच्याकडे कुठेतरी गळतंय, ते आधी शोधा, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका.

शोधलं की सगळं, असं दिलीपनं उत्तर दिलं. फोन ठेवून त्यानं सुनेत्राला विचारलं, काय करू या? सुनेत्रानं स्पीकरवर हरिहरचा शब्दन् शब्द ऐकला होता, तिला तो कळलाही होता. पण तिचं कॉन्ट्रॅक्ट महिन्याभरात संपत होतं, मॅनेजरनं अगदी गोड आवाजात तिच्या इंटरनेटची दोनदा चौकशी केली होती, आणि ती थकली होती. झोपल्यानं जाणारा थकवा नव्हता तो.

"बसव," ती म्हणाली. "मला काही माहीत नाही. मला फक्त शांतता पाहिजे."

शनिवारी सकाळी दिलीपनं खाली हत्यारं मांडली. नवा स्विच खोक्यातून काढून कपाटाच्या फळीवर ठेवला. कॉफी पिऊन मेन बंद करतो म्हणाला. सुनेत्रा धुतलेल्या चादरी घेऊन वर आली. दिलीपची आई, इरावतीबाई, बाथरूममध्ये होत्या. त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या आणि त्यातला एक संपला होता. इतकी निमूट सासू नशिबानंच मिळते, असं सुनेत्रा मैत्रिणींना सांगायची. घरात आहेत की नाहीत, हेही कळायचं नाही.

ती बाथरूमच्या दाराशी पोचली आणि आतून "आई गं" असा दबका आवाज आला. त्याच क्षणी लाइट गेली. खाली दिलीप म्हणाला, बघ, शेवटचं नाटक करून घेतलं त्यानं.

सुनेत्राच्या हातातल्या चादरी खाली पडल्या. तिनं दार ढकललं, कडी लावलेली नव्हती. वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. इरावतीबाई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या आणि डाव्या हातानं उजवं मनगट चोळत होत्या. समोर प्लास्टिकची बादली, बादलीत पुण्याहून आणलेला पाणी तापवायचा रॉड, आणि रॉडची वायर विमानतळावर मिळतो तसल्या अडॅप्टरमधून वॉशिंग मशीनच्या सॉकेटमध्ये गेलेली. अर्थिंगचा पत्ताच नव्हता.

"आई, हात दाखवा."

"काही नाही गं. रॉडला थोडा करंट असतोच. तिकडे बटण बंद करून मग पाण्यात बोट घालते मी. इथल्या सॉकेटला बटणच नाही." मग त्या ओशाळून म्हणाल्या, "हाताला झटका बसतो आणि लगेच लाइट जाते. मला वाटलं, इकडे तशीच सोय केलेली असेल."

सुनेत्रा मटकन तिथेच ओल्या फरशीवर बसली. महिनाभर ती जिना उतरून ज्या खटक्याला शिव्या देत होती, त्यानं दर वेळी या बाईला जिवंत परत दिलं होतं. आणि तिनं स्वतःच्या तोंडानं त्याला काढायला सांगितलं होतं. कॉफीचा कप तेवढा मध्ये आला.

दिलीप वर आला. त्यानं बादलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि अडॅप्टर सॉकेटमधून उपटून काढला. आईच्या पाठीवर हात ठेवून तो नुसता उभा राहिला.

"पण शॉवर आहे ना, आई," सुनेत्रानं विचारलं. "गरम पाणी येतं त्याला. मग हे कशाला?"

इरावतीबाईंनी रॉडची वायर गुंडाळायला घेतली. सुनेत्रानं परत विचारलं, तेव्हा त्या बादलीकडे बघत बोलल्या.

"तुझी कामाची खोली या भिंतीला लागून. आले त्या आठवड्यात मी शॉवर लावला, आणि बाहेर आले तर तू कपाळाला हात लावून बसली होतीस. तू बोलली काही नाहीस हो. पण मला दिसलं. बादली रात्रीच भरून ठेवते, मग सकाळी आवाज होत नाही."

सुनेत्राला तो दिवस आठवेना. कपाळाला हात लावून ती रोजच बसायची. कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती रडली, आणि ते लपवायचंही तिला सुचलं नाही.

दिलीपनं तीनशेचा स्विच परत करायला बांधून ठेवला आणि हरिहरला फोन केला. हरिहर संध्याकाळी आला. घराच्या प्रत्येक भागाला वेगळे, तीसचेच स्विच घालू या म्हणाला, पण ते पुढच्या आठवड्यात. तोवर जुनाच राहू दे, चांगला आहे.

सोमवारी सकाळी मीटिंग सुरू झाली. सुनेत्राचे डोळे चुरचुरत होते. कॉन्ट्रॅक्टचं अजून काही कळलं नव्हतं. भिंतीपलीकडे शॉवर सुरू झाला. ती बोलत होती आणि मॅनेजरनं मध्येच हसून विचारलं, तुमच्याकडे पाऊस लागलाय वाटतं?

"नाही," सुनेत्रा म्हणाली. "माझ्या सासूबाई अंघोळ करताहेत. त्यांना वेळ लागेल."

मग ती पुढचं बोलायला लागली. एक कान तिनं भिंतीकडे ठेवला होता. पाण्याचा आवाज मध्येच थांबला, तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. पलीकडून साबण ठेवल्याचा आवाज आला, पाणी पुन्हा सुरू झालं, आणि मगच तिनं ते पूर्ण केलं.