बाइंडरचा उजवा हात

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. हसू नका! एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, एक काळपट, एक बेताचा, एक भगभगीत, आणि माझ्या गळ्यात मारायचे. प्रत्येकातलं चांगलं तेवढं निवडून मी त्यांचा एकच फोटो करतो.

तरुणपणी काय कौतुक व्हायचं माझं! बाहेरचं आभाळ आणि घरातलं कपाट एकाच फोटोत दिसलं की लोक बघत राहायचे. मग त्याच लोकांनी रंग इतके भडक केले, की झाडं ऑइलपेंटने रंगवल्यासारखी दिसायला लागली. खापर कुणावर फुटलं? माझ्यावरच. आता तर कुणी ढुंकूनही बघत नाही.

परवा एका बाईला माझी आठवण झाली. तिच्या वडिलांचं पुस्तकं बांधायचं दुकान कायमचं बंद झालं होतं, किल्लीही देऊन झाली होती. शेवटच्या सकाळी तिने ते कामाला बसलेले असताना फोटो काढले होते. दुकानात काळोख, दाराबाहेर लख्ख रस्ता. असलं काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! पण बाईंनी ‘हलणारं काढून टाका’ या चौकटीत खूण केली. अहो, माणूस पुस्तक शिवतोय, दोरा ओढणारा हात हलणारच ना! पण माझं ऐकतंय कोण? मी निमूटपणे तो हात पुसला.

तयार फोटो बघताना शेजारी बसलेल्या वडिलांनी चष्मा सारखा केला. "माझा उजवा हात कुठाय गं?"

"या मेल्या प्रोग्रॅमने खाल्ला!"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"आता परत कुठून काढू, बाबा? दुकानच राहिलं नाही." तिला रडू फुटलं. "तुम्ही हात हलवलात ना, म्हणून गेला तो."

"अगं, तो हलत होता म्हणून तर दुकान चाललं."

डोळे पुसून तिने ती खूण काढली आणि मधल्या फोटोतला हात घ्यायला मला सांगितलं. हात जरा पुसटच आला. वडील पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हां, हा माझा."

माझे आभार? छे! नाव काढलं नाही कुणी.

तर मित्रांनो, मूळ फोटो जपून ठेवा. आणि खूण करण्याआधी काय हलतंय ते एकदा नीट बघा. सांगाल ते मी पुसतो. धुळीचा डाग कुठला आणि बापाचा हात कुठला, हे मला कळत नाही हो. ते तुम्हालाच कळायला हवं.