संचालकांची कातडी

मोंतेविदेओच्या त्या प्रयोगशाळेत संचालक अपारिसिओ यांना वय विचारायची कुणाची छाती नव्हती. सत्तरी कधीच उलटली होती, पण केस कोळशासारखे काळे आणि कार्निव्हलात ढोल बडवायला स्वारी सगळ्यांच्या पुढे. तिथल्या संशोधक ओंदिनाने म्हाताऱ्या पेशी ओळखणारं रसायन तयार केल्याचं कळताच त्यांनी बाही वर सारली.

"माझी कातडी घे. तरुण पेशींचा नमुना म्हणून!"

ओंदिनाचं रसायन तरुण पेशीत विझलेलं राही, थकलेल्या पेशीत हिरवं उजळे. औषध देऊन घाईघाईने म्हाताऱ्या केलेल्या उंदराच्या पेशींवर ते झकास चाललं होतं. आता संचालकांच्या कातडीचा पातळ काप तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पडदा हिरवागार! शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाल्किरिया चोरून माते चहा ओढत होती, तिला ठसकाच लागला.

"यंत्र बिघडलंय," अपारिसिओ म्हणाले.

"यंत्र धडधाकट आहे, डॉक्टर. तुम्हीच पिकलात."

"मग तुझं रसायन भुक्कड!"

हे झोंबलं. त्यांचं तोंड बंद करायला तिने दुसरा काप घेतला, रसायनाचा थेंबही न घालता. तोही तितकाच उजळला. ओंदिनाच्या ध्यानात आलं. माणसाच्या पेशीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ आपणहूनच हिरवट चमकतो. त्यात तिच्या रसायनाचा उजेड कुठला, हे ओळखणार कसं?

"गप्प बस," वाल्किरिया कुजबुजली. "रसायनावरचा तुझा लेख छापायला गेलाय. कोण बघतंय?"

"कुणीतरी बघेलच. मग माझी कातडी सोलतील."

लेख मागे घेऊन ती स्वच्छतागृहात मनसोक्त रडली आणि नाक पुसत संचालकांपुढे उभी राहिली. रसायन फसल्याचं ऐकून ते खुलले.

"म्हणजे मी म्हातारा नाही!"

"उलट. तुम्ही रसायनाशिवायच उजळता."

क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग ते इतके हसले की खुर्ची करकरली.

"पुन्हा कर," ते म्हणाले. "पण माझ्या कातडीला हात लावायचा नाही."

पुढचा हिवाळाभर खपून तिने लाल उजळणारं रसायन केलं. त्या रंगात गाळाची लुडबुड जवळजवळ नव्हती. उंदरांवर जमलं. माणसासाठी तिने स्वतःच्याच दंडाचा काप घेतला, दार लावून एकटीने पाहिला. त्यात इथेतिथे लाल ठिपके उजळले होते.

"काय दिसलं गं?" वाल्किरियाने विचारलं.

"रसायन चालतं," ओंदिना दिवा मालवत म्हणाली. "चल, चिवितो सँडविच खाऊ. जास्तीचं अंडं घालून."