हाताचा क्लच

गोवर्धनने रिकाम्या हवेत पाय दाबला आणि ट्रॅक्टर न थांबता सरळ शेताच्या धुऱ्यावरच्या बोरीत घुसला.

इंजिन बंद पडलं. गोवर्धन खाली उतरला तो सदऱ्याची बाही काट्यांत ठेवूनच.

"पाच वर्षं अमरावती-अकोला लॉरी चालवली मी!" तो मैनाबाईवरच ओरडला. "तिचा क्लच पायात. याचा दांड्यात! आता माहा पाय आयकते का?"

मैनाबाईने त्याला पाण्याचा तांब्या दिला. तिच्या तीन एकरांत, नवरा गेल्यापासून, कुंदा माजला होता. त्या गवताच्या मुळ्या इतक्या खोल की बैलांचा नांगर वरच्यावर खाजवून परत येई. सोसायटीचा ट्रॅक्टर, त्यावरच्या नव्या ड्रायव्हरसकट, तिच्या वाट्याला आजचा दिवस. उद्या तो दर्यापूरकडे जाणार. आणि थोरले दीर किसनराव चारचौघांत बोलून बसले होते : या उन्हाळ्यात कुंदा निघाला नाही तर वावर मी माझ्यात घेतो, बाईमाणसानं परसात वांगी लावावी.

"मंग आता?"

"मंग काई नाई. पुढच्या खेपेले विहिरीत जाईन मी."

"दांड्याचं कसं हाय, सांग."

"पुढं लोटला, चालते. मागं ओढला, थांबते. सोडला तरी हाय तसाच राह्यते. अर्धवट ठेवला का घसरते, जळते."

"ओढला का थांबते," मैनाबाई म्हणाली. "कासऱ्यावानी."

"बाई, हे बैल नोहे."

"बरं हाय. बैल रुसते तरी."

तिने कासोटा घट्ट खोचला. गोवर्धनने कपाळावर हात मारला. पण ट्रॅक्टर मागे घेऊन सरळ लावून दिला, गिअर घालून दिला. मैनाबाई वर चढली. पहिल्यांदा तिने दांडा लोटला तो लेकराला पाळण्यात ठेवावं तसा. जळका वास सुटला.

"जोरानं, मायबाई! खट् वाजू दे!"

दुसऱ्यांदा तिने मोटेला जुंपल्यासारखा जोर लावला. खट्. ट्रॅक्टर निघाला. धुरा आला तशी ती "होऽ हो" म्हणत मागे रेलली. ट्रॅक्टर थांबला.

"त्याले कान नाईत!" गोवर्धन हसत ओरडला.

"मले सवय हाय," ती म्हणाली.

उन्हं कलली तेव्हा दोन एकर उलथलं होतं. समोर छत्री घेऊन किसनराव येऊन उभे राहिले. थोरले दीर दिसले की बाईने बैलबंडीतूनही खाली उतरावं, ते पुढे गेल्यावर मग बसावं. वीस वर्षांत मैनाबाईने हे एकदाही चुकवलं नव्हतं. तिचा हात आपसूक मागे आला. ट्रॅक्टर जागीच धडधडत राहिला. किसनराव ती उतरायची वाट बघत होते.

मैनाबाईने पदर कपाळापर्यंत ओढला, त्याचं टोक दातांत धरलं.

मग दांडा पुढे लोटला. खट्.

किसनराव बाजूला झाले. त्यांच्या पायाशी हातभर लांब कुंद्याची मुळी उलथून पडली. ती त्यांनी उचलली, आणि दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्याच्या कोणत्या अंगाला टाकावी हे न कळून बराच वेळ हातात धरून उभे राहिले.