वास : नाही

पाणी तपासणाऱ्या कचेरीत त्यांना सगळे 'नाकवाले' म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. नाल्याकाठी नुसतं उभं राहून कोणत्या कारखान्यानं काय सोडलंय ते सांगायचे. प्रयोगशाळा तेच आठ दिवसांनी सांगायची. पण दीड वर्षापूर्वी ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. साफ गेला. सांगायचं कोणाला? बायको जाऊन चार वर्षं झालेली. दूध नासलंय हे घोट घेतल्यावर कळायचं, भात करपलाय हे धूर दिसल्यावर. "अहो, काहीतरी जळतंय," एवढं म्हणायलाही घरात माणूस लागतं हो!

कचेरीत सांगावं, तर मागच्या खोलीत फायलींपाशी बसवतील. फिरतीवर निदान "या साहेब, बसा" म्हणणारं कोणी भेटतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेवढे ढकलले की झालं. अडचण एकच. वास बाटलीत टिकत नाही, म्हणून तक्रारीच्या कागदावरचा वासाचा रकाना अधिकाऱ्यानं जागेवरच भरायचा असतो. तिथं 'आहे' लिहिलं तरच प्रयोगशाळा रसायनांची मोठी तपासणी करते. नाकवाले पाणी स्वच्छ दिसलं की लिहून टाकायचे : नाही. मन खायचं, पण मनाला काय, दटावलं की गप्प बसतं.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे त्यांची ही तिसरी फेरी होती. बाई एकट्याच राहायच्या. घरामागे विहीर, विहिरीपलीकडे रंगाचा कारखाना. पाण्याला उग्र वास येतो, ही तक्रार. दोनदा 'नाही' झालं होतं. तिसऱ्यांदा झालं की तक्रार कायमची बंद.

"साहेब, आज घाई करू नका," बाई म्हणाल्या. "शेजारीण मला येडी म्हणते, ते सोडा. पण आता लेकही म्हणतो, आई, तुला भास होतात. रविवारी येतोय. मला घेऊन जाणार आणि हे घर विकणार. दोनदा सरकारी माणूस येऊन नाही म्हणाला, मग त्याचं तरी काय चुकलं?"

त्यांनी पाणी शेंदलं, पेला भरून पुढे केला. "नीट घ्या वास. माझ्याकडे बघून सांगा. नाही म्हणालात, तर मुकाट्यानं जाते त्याच्याबरोबर."

नाकवाल्यांनी पेला नाकाशी धरला. छातीभर श्वास घेतला, पुन्हा घेतला. काही म्हणजे काही नाही. समोर बाई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या.

"बाई, मला वास येत नाही."

बाईंचा चेहरा पडला. "नाहीच म्हणता?"

"तसं नव्हे. मला कशाचाच येत नाही. दीड वर्ष झालं."

बोलून गेले, आणि किती हलकं वाटलं! वाटलं, आता बाई म्हणतील, अरेरे, कशानं हो झालं? एवढं एक वाक्य ऐकायला जीव आसुसला होता त्यांचा.

"म्हणजे मागच्या दोन्ही वेळेला..."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

नाकवाल्यांनी मान खाली घातली.

"रोज सकाळी उठून पाणी हुंगत होते मी," बाई म्हणाल्या. "स्वतःलाच विचारत होते, बाई गं, तू ठिकाणावर आहेस ना?"

त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं : 'तपासणाऱ्या अधिकाऱ्यास वास येत नाही. आधीचे दोन्ही शेरे रद्द समजावेत. मोठी तपासणी करावी.' खाली सही केली. आता दीड वर्षातले सगळेच कागद उकरले जाणार, आणि त्यांची रवानगी मागच्या खोलीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी कागदाची प्रत काढून बाईंना दिली.

बाईंनी प्रत घेतली, दोनदा वाचली आणि तडक आत जाऊन फोन लावला.

"अरे, मी येडी नाही! ऐकतोस ना? कागद आहे माझ्या हातात, सहीचा!" बाई हसत होत्या आणि रडतही होत्या. मग लेकानं काहीतरी विचारलं असावं.

"कोण, तो? आहे अजून अंगणात उभा. जाईल."